चित्रातली विहीर आणि मुलाची ‘हीर’

पहिलीच्या वर्गात शब्द शिकविण्यासाठी चित्रकार्डांचा वापर आता रूढ झाला आहे. पुठ्ठ्याच्या एका बाजूस चित्र, दुसऱ्या बाजूस शब्द. मुलाने चित्र पाहावे, शब्द उच्चारावा, मग अक्षरे ओळखावीत. साधन स्वस्त आहे आणि घोकंपट्टीपेक्षा शतपटीने बरे आहे. आमचा त्याला विरोध नाही. प्रश्न एवढाच, की चित्र कोणाच्या घरातले आणि शब्द कोणाच्या तोंडचा?

अनेक जुन्या अंकलिप्यांतून ‘भ’ भटजीचा, ‘क्ष’ क्षत्रियाचा आणि ‘ज्ञ’ यज्ञाचा होता. हे अक्षरांच्या अडचणीमुळे घडले असे म्हणता येत नाही. भाकरीतला ‘भ’ घराघरांतील तव्यावर होता. ‘क्ष’ तर शिक्षकातही होता. निवड करणाऱ्यांना आपले जग हेच सगळे जग वाटले, हे खरे कारण. आणि भटजीला काढून टाकले तरी प्रश्न संपत नाही.

‘व’ विहिरीचा हे कार्ड घ्या. गोल कठडा, रहाट, दोर, बादली. वस्तीवरचे मूल ते पाहून म्हणते, ‘हीर!’ गुरुजी म्हणतात, ‘हीर नव्हे, विहीर.’ वास्तविक मूल चुकलेले नाही. त्याने वस्तू अचूक ओळखली आणि तिचे आपल्या घरातले नाव सांगितले. तरीही त्याला पहिला धडा मिळतो तो आपल्या आईची भाषा अशुद्ध असल्याचा. मग ते बोलेनासे होते, आणि आपण शेरा मारतो, ‘शब्दसंग्रह अपुरा.’

कोमेनियसने १६५८ साली न्यूरेंबर्गहून प्रसिद्ध केलेल्या ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ या सचित्र पाठ्यपुस्तकात लॅटिनच्या शेजारी जर्मन शब्दही छापले होते. परक्या शब्दाशेजारी मुलाच्या घरचा शब्द ठेवण्याचे हे शहाणपण साडेतीनशेहून अधिक वर्षांचे जुने आहे. आमच्या कार्डावर मात्र ‘हीर’ला जागा नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चित्रातली विहीर मुकी असते. तिच्यावर कोणाला पाणी भरू दिले नाही, हे ती सांगत नाही. पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. ज्या मुलाची आजी कठड्यापासून दूर, कोणी ओंजळीत पाणी ओतील याची वाट पाहत उभी राहिली, त्याच्या ‘हीर’मध्ये हा सारा इतिहास आहे. शब्द पुसला की इतिहासही पुसला जातो.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी प्रौढ साक्षरतेसाठी चित्रेच वापरली. पण त्यांच्या पद्धतीत चित्रावर आधी चर्चा होई, आणि मग ‘तिजोलो’, म्हणजे वीट, अशा श्रमाच्या शब्दाची अक्षरे फोडली जात. १९६३ साली अंजिकोस येथे त्यांनी असे वर्ग चालविले. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्यांना तुरुंगवास आणि परागंदा होणे पत्करावे लागले. प्रौढांची पद्धत सहा वर्षांच्या मुलाला जशीच्या तशी लागू होत नाही, हे मान्य. तथापि ‘हिरीवर कोण कोण येतं?’ हा प्रश्न त्यालाही समजतो.

येथे आपल्याच लोकांना एक इशारा दिला पाहिजे. ‘आमचे जीवन कार्डांवर आणा’ एवढी मागणी पुरेशी नाही. ‘झ’ झाडूचा असे कार्ड करून ते झाडूकाम करणाऱ्याच्या मुलासमोर धरले, तर वर्ग हसेल आणि जात पुन्हा त्याच्याच माथी बसेल. चित्र बदलून भागत नाही. ते दाखविण्याची रीत बदलली पाहिजे.

प्रमाण मराठी आमच्या मुलांना हवीच. परीक्षा, कचेरी, न्यायालय तिच्यातच चालते; तिच्यावाचून त्यांना ठेवणे हा नवा बहिष्कार ठरेल. पण ती ‘हीर’ गाडून नव्हे, ‘हीर’च्या खांद्याला खांदा लावून यावी. म्हणून शिक्षक मित्रांनी एवढे करावे: चित्र दाखविल्यावर आधी विचारावे, ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ जे उत्तर येईल ते फळ्यावर लिहावे, त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द लिहावा. आणि काही पुठ्ठे कोरे ठेवावेत. त्यांवरची चित्रे मुलांनाच काढू द्यावीत.