वाल्डॉर्फ शाळा : काय घ्यावे, काय तपासावे

मोठ्या शहरांतून ज्या 'वेगळ्या' खाजगी शाळा निघाल्या आहेत, त्यांत वाल्डॉर्फ पद्धतीच्या शाळांचे सुशिक्षित पालकांना विशेष आकर्षण वाटते. आमची मुलगी तीन वर्षे अशा एका शाळेत होती. तेथील बरेच काही कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेने उचलावे असे आहे. काही गोष्टी मात्र वर्गाच्या दारातच अडवाव्यात अशा आहेत. अडचण ही की दोन्हींचा उगम एकाच व्यक्तीच्या व्याख्यानांत आहे.

१९१९ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे वाल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया सिगारेट कारखान्याचे चालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली व तिची मांडणी रुडॉल्फ श्टायनर (१८६१-१९२५) यांच्यावर सोपवली. श्टायनर हे 'अँथ्रोपॉसॉफी' या गूढवादी विचारसरणीचे प्रवर्तक. कामगारांसाठी निघालेल्या शाळेची फी आपल्याकडे येईपर्यंत कामगाराच्या आवाक्याबाहेर कशी गेली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एकच विषय सलग तीन-चार आठवडे रोज सकाळी घेणे, मुलांनी स्वतःचे पाठ्यपुस्तक चित्रांसह स्वतः लिहिणे, मुलग्यांनीही विणकाम शिकणे, हे सारे आम्हाला मनापासून आवडले. वाचन सातव्या वर्षानंतर सुरू होते, म्हणून मुलीच्या आजीला फार चिंता वाटे. ती अनाठायी होती. न्यूझीलंडमध्ये अशा मुलांची तुलना पाचव्या वर्षी वाचू लागलेल्या मुलांशी केली गेली, तेव्हा अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनात फरक उरलेला दिसला नाही.

पण उशिरा वाचनाचे श्टायनर यांनी दिलेले कारण काय? दुधाचे दात पडेपर्यंत मुलाची सूक्ष्म जीवनशक्ती शरीर घडविण्यात गुंतलेली असते, हे! निष्कर्ष चालतो म्हणून कारण खरे ठरत नाही, हे विज्ञानशिक्षकांना सांगायला नको.

खरी ठेच पालकसभेत लागली. प्राचीन ग्रीक वैद्यकातील चार देहरसांवरून आलेले चार स्वभाव श्टायनर यांनी शिक्षकांना शिकवले आणि एका स्वभावाची मुले एकत्र बसवावीत असा सल्ला दिला. आमची मुलगी 'कफ स्वभावाची' म्हणून मागच्या कोपऱ्यात तशाच मुलांत बसवली होती. फळ्यावरचे उतरवून घेण्यात ती मंद होती, हा पुरावा. हे ठरवले कसे, असे आम्ही विचारले. "पाहिल्यावर कळतं," असे बाई म्हणाल्या. बाई प्रेमळ होत्या, कष्टाळूही. पण ठरवण्यात चूक झाली तर ती कशी कळेल, या प्रश्नाला उत्तर नव्हते. पुढे वर्षभराने डोळे तपासले, तेव्हा उणे अडीचचा चष्मा लागला. एकदा स्वभाव ठरला की कोणी डोळ्यांकडे पाहत नाही.

वरच्या वर्गाचा प्रकाशाचा पाठही आम्ही मागे बसून पाहिला. मुलांनी लोलकातून पांढऱ्या भिंतीकडे पाहिले. भिंत पांढरीच दिसली. रंग फक्त खिडकीच्या कडांशी! फार सुंदर सुरुवात. प्रयोग आज आणि चर्चा उद्या, ही येथील रीतही उत्तम. मुले रात्रभर विचार करतात. मात्र दुसऱ्या दिवशी गोएटे या कवीच्या १८१० सालच्या रंगविषयक ग्रंथाचा आधार घेऊन सांगितले गेले, की उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर रंग जन्मतात आणि हिरवा हा पिवळ्या-निळ्याच्या मिश्रणातून होतो.

वस्तुतः न्यूटनच्या मांडणीने कडांचे रंगही उलगडतात. भिंतीच्या प्रत्येक बिंदूपासून आलेल्या प्रकाशाचे रंग पसरतात, शेजारच्या बिंदूंच्या रंगांवर पडतात आणि त्यांची बेरीज पांढरी होते. कडेला एका बाजूचा शेजारी नसतो, म्हणून तेथे रंग उरतात. दोहोंपैकी खरे कोणते, हे वादाने ठरवण्याची गरज नाही. बारीक फटीतून आलेल्या उन्हाचा वर्णपट पडद्यावर घ्यावा, पडद्याला छिद्र पाडून फक्त हिरवा पुढे जाऊ द्यावा आणि त्याच्या वाटेत दुसरा लोलक धरावा. हिरवा मिश्रण असेल तर पिवळा आणि निळा वेगळे व्हायला हवेत. तसे होत नाही. हिरवा हिरवाच राहतो.

हा प्रयोग त्या वर्गात झाला नाही. शाळेच्या कपाटात दोन लोलक असतील तर तो एका तासिकेत होतो; खिडक्यांना लावायला जाड काळे कापड मात्र आधी जमवून ठेवावे लागते.