मोझार्टचीं दहा मिनिटें

कादंबरींतील एखादें पात्र अस्वाभाविक वाटलें तर आमचे टीकाकार लेखणी सरसावून पुढें येतात. पण ‘संशोधकांनीं सिद्ध केलें आहे’ हे चार शब्द दिसले कीं तेच टीकाकार मुकाट्यानें मान तुकवितात. वास्तविक शास्त्रीय वार्ता हाहि एक वाङ्मयप्रकारच आहे, आणि मूळ निबंध शेजारीं ठेवून त्याची परीक्षा करतां येते. नमुन्यादाखल एकच वार्ता घेतों.

‘मोझार्टचें संगीत ऐकविल्यानें मुलें हुशार होतात’ हें विधान घरोघरच्या आईबापांच्या कानांवरून केव्हां ना केव्हां गेलें असेल. त्याचा उगम १९९३ च्या ऑक्टोबरांत ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकांत आलेल्या डॉ. फ्रान्सिस रॉशर व त्यांचे दोन सहकारी यांच्या एका लहानशा टिपणांत आहे. कॉलेजांतील ३६ विद्यार्थ्यांनीं दहा दहा मिनिटें तीन प्रकारें घालविलीं: एकदां मोझार्टची दोन पियानोंची सोनाटा ऐकत, एकदां मन शांत करण्याच्या सूचना ऐकत, आणि एकदां निव्वळ शांततेंत. प्रत्येक वेळीं लगेच त्यांना कोडीं घातलीं. घडी घालून कातरलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा जातीचीं. संगीतानंतरचे गुण बुद्ध्यंकाच्या मापानें आठनऊ अंकांनीं अधिक भरले. हा लाभ दहापंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाहीं, हेंहि त्याच टिपणांत स्पष्ट लिहिलेलें आहे.

म्हणजे मुळांत कॉलेजचे विद्यार्थी होते, त्यांचीं वार्तेंत तान्हीं मुलें झालीं. एका जातीच्या कोड्यांची सबंध बुद्धिमत्ता झाली आणि पाव तासाचा जन्म झाला! यासाठीं कोणाला धादांत खोटें लिहावें लागतें असें नाहीं. हातोहातीं मर्यादेचा एकेक शब्द गळत गेला कीं पुरे. १९९८ मध्यें अमेरिकेंतील जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनीं प्रत्येक नवजात बालकाच्या घरीं अभिजात संगीताची तबकडी पोंचविण्याकरितां १,०५,००० डॉलर मागितले. ज्या प्रयोगाच्या नांवावर ही मागणी झाली त्यांत एकहि अर्भक नव्हतें.

दोष केवळ वार्ताहरांचा आहे, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. टिपणाच्या मथळ्यांत बुद्धिमत्तेचें नांव नाहीं, हें खरें. पण कोड्यांचे गुण बुद्ध्यंकांत मांडण्याचा मोह लेखकांनींच केला. अमुक इतकीं कोडीं अधिक सुटलीं एवढेंच लिहिलें असतें, तर तीं कोणाच्या घरीं पोंचलीं असतीं? डॉ. रॉशर यांनीं पुढें सांगितलें कीं, संगीतानें सर्वसाधारण बुद्धि वाढते असा दावा आपण केलाच नव्हता. तोंवर तबकड्यांची विक्री चालू झाली होती.

पुढील संशोधन वार्तेइतकें दूरवर गेलें नाहीं. १९९९ मध्यें ख्रिस्तोफर चाब्रिस यांनीं सोळा प्रयोगांचे आंकडे एकत्र केले, तेव्हां त्या आठनऊ अंकांचे जेमतेम दीडदोन उरले. त्याच सुमारास कॅनडांत ग्लेन शेलेनबर्ग व त्यांच्या सहकारी यांनीं केलेला प्रयोग आम्हांस सर्वांत मार्मिक वाटतो. त्यांनीं शांततेऐवजीं स्टीफन किंग यांची एक गोष्ट ऐकविली. ज्यांना गोष्ट अधिक आवडली त्यांना गोष्टीनंतर कोडीं अधिक चांगलीं सुटलीं, ज्यांना मोझार्ट आवडला त्यांना मोझार्टनंतर. म्हणजे गुण मन प्रसन्न व जागें होण्याचा; ज्याला भजन रुचतें त्याला भजनानेंहि तो यावा. २०१० मध्यें व्हिएन्नाच्या, म्हणजे मोझार्टच्याच कर्मभूमीच्या, संशोधकांनीं सुमारें चाळीस अभ्यास व तीन हजारांवर व्यक्ति यांची छाननी केली. मोझार्टच्या रचनेचा असा कांहीं खास गुण त्यांना आढळला नाहीं.

आपल्याकडे गर्भवतींसाठीं संगीताच्या ध्वनिमुद्रिका विकल्या जातात. त्या ऐकून घटकाभर मन रमत असेल तर किंमत वसूल झाली. पण त्या न घेतल्यामुळें आपलें मूल मागें पडेल, अशी धास्ती एखाद्या आईनें घ्यावी, इतका आधार त्या ३६ विद्यार्थ्यांत कोठेंहि नाहीं.