‘अमक्याची पोथी’ : सतराव्या शतकातील ग्रंथस्वामित्व

सतराव्या शतकातील इंग्रज जमीनदार घराण्यांच्या ग्रंथसंग्रहांचा अभ्यास मुख्यतः खर्चाच्या वह्या, मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या आणि पुस्तकांवरील स्वाक्षऱ्या यांवर आधारलेला आहे. केंटमधील सर एडवर्ड डेरिंग याने 1623 साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संकलित आवृत्तीच्या दोन प्रती घेतल्या, हे त्याच्या हिशेबवहीवरून कळते. स्टॅफर्डशायरमधील फ्रान्सिस वुल्फ्रेस्टन (1607–1677) ही आपल्या ग्रंथांवर स्वतःचे नाव घालून ‘तिचे पुस्तक’ अशी नोंद करीत असे. या षष्ठीचा अर्थ एकच होय : पुस्तक तिच्या मालकीचे. कर्ता व मुद्रक निराळे असल्याने संदिग्धतेस तेथे जागाच नाही.

तिच्या जन्मानंतर एका वर्षाने, 1608 मध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे ठोसर कुळकर्ण्यांच्या घरी समर्थ रामदास जन्मले. गावचे दप्तर सांभाळणे हेच ज्यांचे वतन, त्या घराला लेखनव्यवहार परका नव्हता. समर्थांचे वडील बंधू गंगाधरपंत यांनीही ‘भक्तिरहस्य’ व ‘सुलभोपाय’ हे ग्रंथ रचले. तथापि गोव्यातील मिशनऱ्यांचे छापखाने वगळता मराठी मुलुखात त्या काळी मुद्रण नव्हते. अशा घरात पुस्तकखरेदीच्या नोंदी शोधावयाच्या आणि त्या न मिळाल्यास ते घर ग्रंथहीन ठरवावयाचे, ही पद्धती सदोष म्हणावी लागते.

मराठीत ‘अमक्याची पोथी’ या प्रयोगातील षष्ठी अनेकार्थी आहे. ‘दासबोध’ रामदासांचा, तो रचनेमुळे. डोमगावच्या मठातील त्याची प्रत कल्याणस्वामींची, ती हस्ताक्षरामुळे. धुळे येथे जतन केलेली, समर्थांच्या हातची मानली जाणारी रामायणाची प्रत रचनेने वाल्मीकींची, लेखनाने रामदासांची. याखेरीज पोथी ज्याच्या घरी वा मठात राहिली त्याचीही ती असतेच. येथे स्वामित्व विकत घेतले जात नसे. ते बहुधा लेखनश्रमाने व पुढे वहिवाटीने सिद्ध होई.

‘दासबोधा’तील लेखनक्रियेचा समास (19.1) या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा. कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडू नये म्हणून भोवती जागा सोडावी, वार्धक्यात निरुपयोगी ठरेल इतके बारीक लिहू नये, असे तेथे सुचविले आहे. या समासाचे विवेचन सुलेखनाचा उपदेश म्हणून केले जाते. पण पोथी आयुष्यभर व त्यापुढेही वापरात राहणार, हे त्यात गृहीत आहे.

अर्थात पोथी जवळ असणे म्हणजे ती वाचली जाणे नव्हे. देवघरात पुजली जाणारी पोथी न उघडताही पिढ्यान्‌पिढ्या राहू शकते. वुल्फ्रेस्टनच्या काही पुस्तकांवर तिचे त्रोटक अभिप्राय आहेत, म्हणून ती केवळ मालकीण नसून वाचकही ठरते. मराठी पोथीत हे काम समासातील दुरुस्त्या, निराळ्या हाताची अक्षरे आणि झिजलेली पाने करतात.

नेमकी हीच सामग्री संहितासंपादनात गळून पडते. शुद्ध पाठ सिद्ध करताना पुष्पिकेतून लेखनशक तेवढा घेतला जातो. लेखक कोणाचा, प्रत कोणासाठी, पुढे कोणाकडे गेली, हे ‘अवांतर’ ठरते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेद्वारे (स्थापना 1893) समर्थ संप्रदायाची बाडे गोळा केली, म्हणून निदान मूळ प्रती पाहता येतात. त्यांतील पुष्पिका व समासलेखन संहितेइतक्याच काटेकोरपणे छापले गेल्याशिवाय सतराव्या शतकातील मराठी वाचकाविषयी केलेले कोणतेही विधान अपुरेच राहील.