होतकरू कथालेखकांस

आमच्याकडे अभिप्रायार्थ येणाऱ्या नवीन कथांत एक गोष्ट वारंवार आढळते. आरंभ चटकदार, शेवट धक्का देणारा. मधलें घर मात्र रिकामें! कथालेखनाचें तंत्र अभ्यासानें साध्य होतें, हें ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधना’नें (१९३१) पुष्कळांस पटविलें, हे उपकार मोठेच. पण तंत्र हाताशीं आलें म्हणून सांगण्याजोगें कांहीं हाताशीं येतेंच असें नाहीं.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ पाहा. १८९० पासून ती ‘करमणूक’ साप्ताहिकांत क्रमशः येऊं लागली. कथानक पसरट आहे, हें आम्हांसही मान्य. परंतु हरिभाऊंनीं सारी हकीकत यमूच्याच तोंडून वदविली. त्यामुळें तिला जें दिसलें, तिच्या कानीं जें पडलें, तेवढेंच सांगण्याचें बंधन त्यांजवर पडलें. (कोठें कोठें ते घसरतात, तें असो.) विधवेच्या केशवपनावर व्याख्यान झोडण्याचा मोह दुसऱ्या एखाद्या सुधारकास आवरला नसता. येथें तो प्रसंग जिच्यावर गुदरला तीच सांगते, आणि वाचणाराच्या अंगावर कांटा उभा राहतो.

होतकरू लेखकानें एक प्रयोग करावा. आपल्या कथेंतील जें पात्र सर्वांत कमी बोलतें, त्याच्या मुखानें तीच कथा पुन्हा लिहावी. त्याला ठाऊक असणें शक्य नाहीं असें प्रत्येक वाक्य खोडावें. आम्हीं स्वतः हें करून पाहिलें, तेव्हां बारा पानांपैकीं पांचच उरलीं. आणि त्यांतही नायिका चहा कोणत्या भांड्यांत करते, हें आम्हांस सांगतां येईना!