निर्गमनाचे व्याकरण : विज्ञानमालिकेतील नायकाचे अकस्मात जाणे

तुळजापूरच्या भवानीची मूर्ती चल आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवली जाते आणि घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर येते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत आणि पौषातील शाकंभरी नवरात्राच्या आधीही अशीच मंचकी निद्रा असते. धाराशिव जिल्ह्यातील भाविकाला हा क्रम कोणी शिकवावा लागत नाही. श्रद्धेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून केवळ आख्यानाच्या अंगाने पाहिले, तर येथे निर्गमनाचे एक पूर्ण व्याकरण सिद्ध झालेले दिसते. प्रधान व्यक्ती आसनावरून दूर होते. पण तिच्या जाण्याची तिथी ठरलेली, कारण ठाऊक असलेले आणि परतण्याचा दिवस निश्चित असतो. रिकामे सिंहासन पाहून कोणाच्याही मनात ‘का गेली?’ हा प्रश्न उठत नाही.

या व्यवस्थेच्या अगदी दुसऱ्या टोकाला दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकेतले अकस्मात निर्गमन उभे आहे. तेथे प्रमुख पात्र एका भागात असते, पुढच्या भागात नसते, आणि ‘का?’ या प्रश्नाला संहितेच्या आत एक उत्तर असते, बाहेर दुसरे. या दोन उत्तरांमधल्या फटीकडे समीक्षेने कसे पाहावे, हा येथील विचाराचा विषय आहे.

मराठी समीक्षेला या फटीशी झुंजण्याची वेळ फारशी आलेली नाही, आणि त्याचे कारण मराठी विज्ञानकथेच्या घडणीत आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ घ्या, किंवा त्यानंतर दिवाळी अंकांतून बहरलेले कथालेखन घ्या : प्रकार मुख्यत्वे सुट्या कथेचा. एक कल्पना, तिच्यापुरती चार माणसे, आणि कल्पनेचा निकाल लागला की माणसांनाही रजा. ‘वामन परत न आला’ या कादंबरीच्या शीर्षकातच न परतणे आहे खरे. परंतु ते लेखकाने आरंभापासून हाती ठेवलेले न परतणे आहे. लेखकाच्या इच्छेविरुद्ध पात्र निघून गेले, असा प्रसंग या परंपरेत उद्भवण्यास जागाच नव्हती.

मालिका हा प्रकार दूरदर्शनमुळे घरोघर पोहोचला, तेव्हा आपल्याकडे या अडचणीवर एक सोपा तोडगा रूढ झाला : नट बदलावा, पात्र बदलू नये. १९९७ साली सुरू झालेल्या ‘शक्तिमान’मध्ये गीता विश्वास ही वार्ताहर प्रारंभी किटू गिडवानी यांनी आणि नंतर वैष्णवी महंत यांनी रंगवली. चेहरा बदलला, नाव तेच राहिले, प्रेक्षकाने चार दिवस कुरकुर केली आणि पुढे पाहू लागला. नाटकात बदली नट पाहण्याची सवय असलेल्या समाजाला यात काही वावगे वाटले नाही. ब्रिटिश ‘डॉक्टर हू’ने १९६६ मध्ये, विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना तेव्हा, याच तोडग्याला विज्ञानकथेचे तर्कशास्त्र दिले. डॉक्टर हा परग्रहवासीच असल्याने त्याचा देह पालटू शकतो, असे ठरले आणि पॅट्रिक ट्राउटन आले. बाहेरची अडचण पात्राच्या स्वभावधर्मातच विरघळवून टाकण्याचे याहून चतुर उदाहरण सापडणे कठीण.

‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकन मालिकेने मात्र हा मार्ग घेतला नाही, म्हणून तिचा विचार अधिक सविस्तर करणे भाग आहे. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ही मालिका पाच वर्षांची एकच दीर्घ कथा म्हणून योजली होती. तेवीसाव्या शतकातील एक अवकाशस्थानक, तेथे एकत्र येणाऱ्या अनेक ग्रहांच्या जमाती, आणि स्थानकाचा प्रमुख कमांडर जेफ्री सिंक्लेअर. पृथ्वी आणि मिनबारी यांच्या युद्धातील अखेरच्या लढाईत सिंक्लेअरच्या आयुष्यातले चोवीस तास हरवले आहेत. जिंकत आलेल्या मिनबारींनी त्याच वेळी अचानक शरणागती का पत्करली, याचे उत्तर त्या चोवीस तासांत दडलेले आहे. १९९४ चे संपूर्ण पहिले पर्व या रहस्याभोवती फिरते. भरताने सांगितलेल्या पाच संधींची आठवण येथे सहज व्हावी : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. पर्वे पाच आणि संधी पाच, हे साम्य ओढूनताणून फार लांब नेण्यात अर्थ नाही. तरी बीज कोणाच्या ठायी पेरले होते याविषयी शंका राहत नाही.

आणि नेमका तोच माणूस दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात नाही. त्याची मिनबारवर राजदूत म्हणून नेमणूक झाली आहे, एवढे कळते. त्याच्या जागी कॅप्टन शेरिडन रुजू होतो. याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. वर्षभर जपलेले रहस्य याच भागात उलगडते, पण ज्याचे ते रहस्य त्याच्या अनुपस्थितीत. मिनबारी आत्मा सिंक्लेअरच्या देहात जन्मला आहे असे आढळल्याने शरणागती पत्करली गेली, ही हकिगत लेनिअर हा दुय्यम पात्र शेरिडनला सांगतो. ऐकणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही. ज्याला ते असते तो हजर नाही. बीजाचा असा निकाल नाट्यशास्त्राच्या कोणत्याही नियमात बसत नाही. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाचे माप लावले तर संवाद, विरोध, समतोल यांपैकी काहीच येथे हाती लागत नाही. कृतीला भोक पडले आहे, एवढेच म्हणावे लागते. ते माप चुकीचे आहे असे नव्हे. ते पूर्ण झालेल्या, एका जाणिवेने शेवटपर्यंत सांभाळलेल्या कलाकृतीसाठी घडवलेले आहे. मालिका आपल्या डोळ्यांदेखत, नटांच्या करारांवर आणि त्यांच्या शरीरांवर विसंबून घडत असते.

मात्र त्या भोकाचे मालिकेने केलेले एक काम लक्षणीय आहे. सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डी हा सिंक्लेअरचा जुना स्नेही. पहिल्या पर्वाच्या अखेरीस त्याच्या पाठीत गोळी लागते. त्याच्या बेशुद्धीतच कमांडर निघून गेलेला असतो. तो शुद्धीवर येतो तेव्हा स्थानक तेच असते. त्याच्या मित्राच्या खुर्चीवर अपरिचित माणूस असतो. प्रेक्षकाची अवस्था याहून वेगळी नव्हती. पुढे १९९५ मध्ये सिंक्लेअरचा एक ध्वनिचित्रमुद्रित निरोप गॅरिबाल्डीकडे येतो. क्षणभराचे दर्शन, तेही यंत्राच्या पडद्यावर. लेखकाने फट बुजवली नाही. ती एका पात्राला सोसायला दिली.

१९९६ च्या ‘वॉर विदाउट एंड’ या जोडभागात सिंक्लेअर परत येतो आणि कायमचा जातो. शतकांपूर्वी लिहिलेले, स्वतःच्याच हस्ताक्षरातले पत्र त्याला मिळते. तो भूतकाळात जातो आणि मिनबारींचा पुराणपुरुष वालेन होतो. ज्या आत्म्याच्या शोधाने युद्ध थांबले, त्याचे मूळ तोच होता, असे वर्तुळ पूर्ण होते. लेनिअरने घाईघाईत सांगून टाकलेली हकिगत आता अपुरी होती असे कळते. निर्वहण झाले, पण विमर्शाच्या जागी दोन वर्षांचे रिकामेपण ठेवून झाले.

रिकामेपणाला अर्थ द्यावा लागतो, याची जाणीव ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’नेही उशिराच दाखवली. अभिनेत्री डेनिस क्रॉस्बी यांना भूमिकेत वाव दिसेना म्हणून त्यांनी मालिका सोडली, तेव्हा १९८८ मधील एका भागात ताशा यार ही अधिकारी एका काळ्या, चिकट परग्रही प्राण्याच्या लहरीखातर क्षणात मरते. १९९० च्या ‘यस्टरडेज एंटरप्राइज’ या भागात वेगळ्या कालप्रवाहातली ताशा जिवंत आहे, आणि दुसऱ्या प्रवाहात आपण निरर्थक मेलो असे तिला कळते. मग ती निश्चित मरणाकडे, पण आपल्या निवडीने, जाते. पात्राने आपल्याच लेखकांकडे केलेली तक्रार म्हणून हा प्रसंग वाचता येतो. यात थोडी चलाखी आहे, हे मान्य करूनही त्याचा परिणाम नाकारता येत नाही.

सिंक्लेअरच्या बाबतीत मात्र बाहेरचे उत्तर एकोणीस वर्षे दडून राहिले. मायकेल ओ’हेअर का गेले याविषयी तर्कांना तोटा नव्हता : निर्मात्यांना अधिक नामवंत चेहरा हवा होता, अभिनय ताठर होता, मतभेद झाले. ओ’हेअर सप्टेंबर २०१२ मध्ये वारले आणि २०१३ मध्ये स्ट्रॅझिन्स्की यांनी जाहीरपणे खरी गोष्ट सांगितली. पहिल्या पर्वाच्या चित्रीकरणातच ओ’हेअर यांना गंभीर मानसिक आजाराने, भ्रमांनी घेरले होते. निर्मिती थांबवून उपचारांना वेळ देण्याची तयारी लेखकाने दाखवली. सहकाऱ्यांचे काम जाईल म्हणून ओ’हेअर यांनी ती नाकारली आणि पर्व पुरे केले. आपण हे गुपित मरेपर्यंत पाळू, असे स्ट्रॅझिन्स्की म्हणाले होते. माझ्या मरणापर्यंत पाळा, असे ओ’हेअर यांनी सांगितले, कारण इतरांना त्याचा उपयोग व्हावा.

यामुळे समीक्षेपुढे एक अवघड स्थिती उभी राहते. ‘संहितेबाहेरचे काही पाहू नये’ ही शिस्त पाळली तर पहिल्या पर्वातला सिंक्लेअरचा ताठरपणा हा अभिनयदोष ठरतो, आणि अनेकांनी तसे ठरवलेही. ती शिस्त सोडली तर दुसरा धोका लगेच दारात उभा : ज्याच्या मनातले काही तास हरवले आहेत, ज्याला आपल्या स्मृतीवर भरवसा नाही, असे ते पात्र, आणि ते रंगवणारा त्याच महिन्यांत भ्रमांशी झगडणारा माणूस. हे साम्य इतके नेमके आहे की कोणत्याही टीकाकाराला त्याचा मोह पडावा. पण पात्राची ती कथा आजाराच्या आधी लिहिलेली होती. आजारातून अभिनय वाचणे म्हणजे एका माणसाच्या यातनेला रूपकाच्या कामाला जुंपणे होय, आणि ते गुपित त्याने ज्यासाठी सोडले तो हेतू हा नव्हे. वाचायचेच असेल तर जे पडद्यावर आहे ते पुन्हा पाहावे : पहिल्या पर्वातले ते ताठ खांदे, प्रत्येक वाक्याआधीचा किंचित थांबा, आणि १९९६ च्या त्या जोडभागात उपचारांनंतर परतलेल्या नटाच्या चेहऱ्यावरचे शांत, जवळजवळ हलके भाव, ज्यांनिशी सिंक्लेअर आपल्या माणसांचा निरोप घेतो.