साक्षीदार आणि कर्ता : पॅलेस्टिनी खेड्यातला कॅमेरा

पॅलेस्टिनी खेड्यांतल्या तरुणांना कॅमेरा शिकवण्याच्या उपक्रमांविषयी जे लिहिले जाते त्यात एक वाक्य हमखास असते : आता त्यांना त्यांचा आवाज मिळाला. मला हे वाक्य खटकते. आवाज त्यांना होताच. तो ऐकतो कोण, आणि ऐकण्यापूर्वी त्याची काटछाट कोण करतो, हा खरा प्रश्न आहे. कॅमेरा हाती देणे आणि चित्रपट हाती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न करणारा समीक्षक कौतुक करील. समीक्षा त्याच्या हातून होणार नाही.

२००७ साली बेत्सेलेम या इस्रायली मानवी हक्क संघटनेने वेस्ट बँकमधील रहिवाशांना व्हिडिओ कॅमेरे द्यायला सुरुवात केली. हेतू उघड होता : सैनिकांच्या आणि वसाहती करून राहणाऱ्या इस्रायलींच्या अत्याचारांचा पुरावा गोळा करणे. जुलै २००८ मध्ये निलीन गावातल्या एका किशोरवयीन मुलीने आपल्या घरातून एक दृश्य टिपले. हात बांधलेल्या, डोळ्यांवर पट्टी असलेल्या तरुणावर एक सैनिक अगदी जवळून रबरी आवरणाची गोळी झाडतो. जगभर ते पाहिले गेले. सैनिक आणि त्याचा अधिकारी २०१० साली दोषी ठरले, पण तुरुंगात कोणीच गेले नाही. मार्च २०१६ मध्ये हेब्रॉनमध्ये जखमी होऊन जमिनीवर पडलेल्या माणसाच्या डोक्यात एका सैनिकाने गोळी घातली. ते टिपणारा माणूस पादत्राणे बनवून पोट भरणारा होता. सैनिकाला १८ महिन्यांची शिक्षा झाली, ती १४ वर आली, आणि नऊ महिन्यांत तो बाहेर पडला. चित्रण करणाऱ्याला मात्र ठार मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात बेत्सेलेमने लष्कराकडे तक्रारी नेणेच थांबवले. ही व्यवस्था न्याय देत नाही, अन्यायावर पांघरूण घालते, असे तिने जाहीर केले.

मग शिकवायचे काय? पुराव्याचा धडा असा असतो : कॅमेरा हलू देऊ नका, मध्येच बंद करू नका, आजूबाजूचा परिसर दिसू द्या, स्वतः बोलू नका, चित्रफितीला कात्री लावू नका. चित्रपटाचा धडा याच्या नेमका उलटा आहे. चित्रपट कात्रीपासून सुरू होतो. काय ठेवायचे, काय टाकायचे, कशानंतर काय दाखवायचे, हे ठरवताना माणूस जगाविषयी स्वतःचे मत बनवतो. पहिल्या धड्यात मुलगी साक्षीदार होते. कर्ती ती दुसऱ्या धड्यात होते. न्यायाधीशच आरोपीच्या घरचा असेल तर जन्मभर साक्षच देत राहायला शिकवणे ही क्रूर थट्टा आहे.

बिलीन गावच्या इमाद बुर्नातने २००५ साली चौथा मुलगा जिब्रील जन्मला तेव्हा कॅमेरा घेतला. त्याच वर्षी गावची जमीन तोडणाऱ्या भिंतीविरुद्ध दर शुक्रवारी मोर्चे निघू लागले. त्याचे पाच कॅमेरे फुटले, आणि त्यांतूनच ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ (२०११) हा अनुबोधपट झाला. अश्रुधूर आणि गोळ्या त्यात आहेत. पण मला तो महत्त्वाचा वाटतो तो जिब्रीलमुळे. पोर वाढते आहे आणि त्याच्या पहिल्यावहिल्या शब्दांत ‘भिंत’, ‘काडतूस’ हे शब्द येतात. हे कोणत्याही न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही. बापाशिवाय कोणाला ते टिपावेसेही वाटले नसते. मात्र संकलनाच्या मेजावर सह-दिग्दर्शक गाय दाविदी हा इस्रायली चित्रपटकर्ता होता. २०१३ साली ऑस्करसाठी चित्रपटाचे नामांकन झाले तेव्हा तो इस्रायली की पॅलेस्टिनी, असा वाद निघाला. दाविदीच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण सहानुभूती कितीही खरी असली तरी कात्री कोणाच्या हातात होती हे विचारावेच लागते. स्वानुभूतीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

‘नो अदर लँड’ (२०२४) या बाबतीत पुढे गेला आहे. मसाफर यत्ताची खेडी लष्कराच्या गोळीबार-सरावाचे क्षेत्र म्हणून उठवायला इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मोकळीक दिली. तिथला बासेल अद्रा किशोरवयापासून चित्रण करीत होता. दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली अशा चौघांनी मिळून हा चित्रपट केला, आणि त्यांच्यातली विषमता चित्रपटातच उघडी ठेवली. युवाल अब्राहम संध्याकाळी गाडीत बसून आपल्या घरी जाऊ शकतो. बासेल जाऊ शकत नाही. मैत्री आहे आणि रस्ता मात्र एकाचाच मोकळा आहे, हे लपवले असते तर चित्रपट खोटा झाला असता.

शिबिर घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. शिकवणारा परत जातो, शिकणारा तिथेच राहतो. मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात चौघांपैकी हमदान बल्लालला वसाहतवाल्यांनी मारहाण केली. सैन्याने त्यालाच धरून नेले. जुलैमध्ये उम्म अल-खैर गावात अवदा हथालीन हा इंग्रजीचा शिक्षक गोळी लागून मेला. चित्रपटाला त्याने मदत केली होती. त्याला गोळी लागली तो क्षण त्याच्याच कॅमेऱ्याने टिपला आहे. ‘काहीही झाले तरी कॅमेरा बंद करू नका’ हे वाक्य सतरा वर्षांच्या पोरापुढे उच्चारणाऱ्याने आधी हे चित्रण पाहावे.

म्हणूनच रामल्ला येथील शाशात या संस्थेचे काम मला अधिक मोलाचे वाटते. आलिया अरासोगली यांनी २००५ साली ती स्थापन केली. तरुण स्त्रियांना लघुपट करायला शिकवायचे आणि ते गावांत, निर्वासितांच्या छावण्यांत, विद्यापीठांत दाखवून चर्चा घडवायची, अशी तिची रीत. सैनिकावर रोखलेला कॅमेरा स्वतःच्या घराकडे वळवण्याची मुभा पुराव्याच्या शिबिरात नसते. त्या वेळी ‘आधी शत्रू, मग घर’ असे सांगितले जाते. हे ‘मग’ स्त्रीच्या वाट्याला कधी येत नाही. शाशातच्या चित्रपटांत स्त्रीचे घरातले स्थान हाच विषय होऊ शकतो. आणि तो गावातच दाखवला जातो तेव्हा करणारीला परदेशी परीक्षकांना उत्तर द्यायचे नसते. समोर बसलेल्या बाप-भावांना, आत्या-मावश्यांना द्यायचे असते.