स्की-बुटातला पातळ मोजा

स्कीइंगचा चांगला मोजा हाती आला की मी आधी तो उलटा करतो. रंग आणि नक्षी बाहेरच्या बाजूला असते, पण कारागिरी कळते ती आतून. बोटांपाशी शिवण बघावी. साध्या मोज्याला तिथे जाडसर कंगोरा असतो आणि बुटात नेमका तोच टोचतो. जातिवंत मोज्यात ही शिवण इतकी सपाट असते की डोळे मिटून बोट फिरवलं तर सहज सापडत नाही. टाचेला विणतानाच खोलगट आकार दिलेला असतो, त्यामुळे घोट्यापाशी चुणी पडत नाही. पावलाच्या वरच्या अंगाला, जिथे बुटाचं बक्कल आवळलं जातं, तिथे वीण विरळ. आणि नडगीवर, जिथे स्की करणारा पुढे झुकून बुटाच्या जिभेवर रेलतो, तिथे तेवढाच एक मऊ, दाट पट्टा. भर कुठे घालायची आणि हात कुठे आखडता घ्यायचा, याची ही जाण मला फार लोभस वाटते.

हात आखडता घ्यावा लागतो तो बुटामुळे. १९६०च्या दशकात अमेरिकेत बॉब लँगे यांनी प्लास्टिकचा स्की-बूट बाजारात आणला आणि चामड्याच्या बुटाचं सैलावणं मागे पडलं. प्लास्टिकचं कवच पायासाठी सहजी ताणत नाही. चवड्यापाशी अरुंद बूट साधारण ९८ मिलिमीटरचा, मध्यम १०० ते १०२चा. दोन-चार मिलिमीटरांत बुटाचा स्वभाव पालटतो, तिथे जाड मोजा दोन्ही बाजूंनी जागा खातो.

गुलमर्गला निघालेली आपली मंडळी बॅगेत हमखास जाड लोकरी मोजे भरतात, वर एकावर एक दोन जोड चढवतात. तिथला गोंडोला अफरवट शिखराच्या अंगाला जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेते, तेव्हा थंडीची धास्ती खरीच आहे. पण पाय उबदार राहतो तो वाहत्या रक्ताने. पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून पाहा, कातडीखाली धमनीचा ठोका लागतो. जाड मोज्यावर बक्कल आवळलं की दाब तिथेच येतो. आधी मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, आणि माणसाला वाटतं, मोजा आणखी जाड हवा होता!

पातळ मोजा मेरिनो लोकरीचा असेल तर दुधात साखर. तिचा तंतू साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा, म्हणून टोचत नाही. ती घामाची वाफ पोटात घेऊनही बराच वेळ कोरडी लागते. झिजू नये म्हणून नायलॉन, अंगासरसा बसावा म्हणून इलॅस्टेन. सुती मोजा मात्र घाम धरून ठेवतो. तो बर्फात नकोच.

या मोज्याची खरी गोडी उतारावर कळते. अंगठ्याच्या मुळाशी दिलेला जरासा दाब मध्ये न जिरता स्कीच्या कडेपर्यंत पोचतो. स्नोबोर्डचा बूट मऊ, पण तिथेही जाड मोज्यामुळे टाच वर उचलली गेली की फळी उशिरा वळते.

बूटच मोठा असेल तर मोजा काही करू शकत नाही. जाड मोज्याने सैलपणा झाकला तरी मोजा दबून बसतो आणि पाय पुन्हा आत हलू लागतो. तिथे लहान मापाचा बूटच मागावा. तो पायात घालून बघताना, आतलं अस्तर गरम करून पायाच्या आकारात बसवून घेतानाही, पायात हाच पातळ मोजा असावा. थर्मलची पँट मोज्यात खोचू नये. ती बुटाच्या काठाच्या वरच संपवावी.